वाकडी ओळ

फरशी बसवणाऱ्या त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते पाहायला सोडतात त्या ओळंब्यासारखीच नजर होती त्याची. भिंतीकडे नुसतं पाहून तो सांगायचा, "सूतभर बाहेर गेलीय," आणि मोजलं की तेवढीच निघायची. त्याचा मेहुणा त्याच्याच हाताखाली शिकला, बारा वर्षं सोबत राबला.

एका शाळेच्या व्हरांड्यात मेहुण्याने सकाळपासून चाळीस फरश्या बसवल्या. ओळंबा आला, वाकून पाहिलं आणि भडकला.

"लक्ष कुठेय तुझं? मधली ओळ सापासारखी चाललीय!"

"दाजी, दोरी लावूनच बसवलीय."

"मला शिकवतोस?"

त्याने हातोडी घेऊन ती अख्खी ओळ उखडली. दुपारपर्यंत ओळंब्याने नव्याने फरश्या बसवल्या, दोरीशिवाय, नेहमीसारख्या. मग मेहुण्याने दोरी ताणून धरली. ओळ बोटभर वाकडी होती. ओळंब्याला मात्र दोरीच वाकडी दिसत होती.

त्याने हातातली थापी खाली ठेवली. दोन महिन्यांपासून डोळ्यांपुढे धूर यायचा, काळे ठिपके तरंगायचे. सिमेंट गेलं असेल म्हणून दुकानातले थेंब घालून त्याने वेळ मारून नेली होती. घरी चकार शब्द काढला नव्हता.

मेहुण्यानेच त्याला डॉक्टरांकडे नेलं.

"दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला सूज आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषधाने सूज उतरेल. पण मधोमध व्रण पडलाय, तो जाणार नाही. लवकर यायला हवं होतं."

सूज उतरली. पण तो ज्याच्याकडे बघे तेच पुसून जाई. कडेचं तेवढं दिसे. कामं मेहुण्याकडे गेली. ओळंब्याने आपली थापी त्याच्या हातात दिली.

"त्या दिवशी तुझं बरोबर होतं."

"नका हो दाजी," मेहुणा म्हणाला.

एका रात्री जेवताना बायको काहीबाही सांगत होती आणि हा खिडकीकडे तोंड करून बसलेला. शेवटी ती वैतागली.

"एवढं काय चुकलं माझं? माझ्याकडे बघून तरी बोला!"

"तुझ्याकडेच बघतोय," तो म्हणाला. "समोर बघितलं की तू दिसत नाहीस."

तिचे डोळे भरून आले. ते काही त्याला दिसलं नाही. ती बराच वेळ बोलली नाही, एवढंच कळलं.