शुक्राच्या शेजारचा ठिपका

"एकच आहे, दादा," वॉकीटॉकीतून सिग्नलवाल्या बाईचा आवाज आला. "एकच मोठा, पांढरा. का हो?"

"काही नाही. सहज विचारलं."

त्याने बटण सोडलं आणि क्रेनच्या केबिनची काच बाहीने पुसून पुन्हा पश्चिमेकडे पाहिलं. दोन होते. एक शुक्र, त्याच्याबद्दल शंकाच नव्हती. त्याला खेटून, किंचित वर, दुसरा.

खाली इमारतीच्या पायाशी उभी राहून त्याला इशारे देणारी ती बाई दोन लेकरांची आई होती आणि तिची नजर चांगली होती. पण ती जमिनीवर होती. जमिनीवरून काय दिसणार? धूळ, पत्रे, समोरच्या घरांच्या टाक्या. तो बावीस वर्षं आकाशाच्या कडेला बसून लोखंड उचलत होता. साइटवरचे लोक त्याला घारोबा म्हणत.

आणि ह्या आठवड्यात बुध दिसणार, असं पेपरात आलं होतं. सूर्य बुडाल्यावर पाऊण तासाने, शुक्राच्या आसपास, पाच-सहा संध्याकाळी फक्त. गुरू, शनी, मंगळ, शुक्र त्याने नुसत्या डोळ्यांनी कितीदा पाहिले होते. बुध मात्र दरवेळी हातावर तुरी देऊन गेला होता. कधी ढग, कधी धूर, कधी नेमकी सुट्टी.

आज सापडला होता. मग खालून तिला का दिसला नाही?

घरी गेल्यावर तो बसेना. चप्पल काढली, घातली, पुन्हा काढली.

"पायाला भिंगरी लागली आहे का आज?" बायको म्हणाली. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर चादरी उचलून तिचे खांदे दुखत. "बसा की जरा."

"बुध दिसला मला."

"बरं झालं. अजून बुधवारही नाही उजाडला."

तो हसला नाही. म्हणाला, "उद्या तुला सुट्टी आहे, मलाही आहे. गच्चीवर चल. दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडण्याच्या अर्धा तास आधीच त्याने तिला वर नेलं. तो कठड्याशी येरझाऱ्या घालत राहिला. ती पाण्याच्या टाकीला टेकून पाय दाबत बसली. शुक्र उमटला तसा त्याने हात लांब केला.

"तो बघ. त्याच्या डोक्यावर, चिकटून. दिसला?"

ती बराच वेळ बघत राहिली. "डोक्यावर काहीच नाही हो."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. वर काही नाही. खाली आहे एक. पार खाली, उजव्या अंगाला, त्या दोन धुराच्या चिमण्यांच्या मधे. बारीकसा, तांबूस."

त्याने चिमण्यांच्या मधे पाहिलं. तिथे राखाडी धुरकटपणा होता, बाकी काही नव्हतं. त्याने उजवा डोळा झाकला. शुक्र एक झाला, पण कापसासारखा पिंजलेला. डावा झाकला. शुक्र दोन झाले. मग समोरच्या मनोऱ्यावरचा लाल दिवा पाहिला. दिवेही दोन दिसले, एकावर एक, तितक्याच अंतरावर.

"पेपरात असंच लिहिलंय," तो हळू म्हणाला. "खाली आणि उजवीकडे. तू पाहिलास तोच बुध."

"मग तुम्ही काय पाहिलंत?"

त्याने पुन्हा मनोऱ्याकडे पाहिलं. ती उठून त्याच्याजवळ आली आणि लहान मुलाकडे पाहावं तसं तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. वाटलं, काच मळली आहे."

"उद्या वर चढू नका."

"उद्या भिंती चढवायच्या आहेत. मला आवाजावर जमतं. सिग्नलवाली बाई सांगते ना."

"मी काय म्हणाले ते ऐकलंत तुम्ही," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.

तो चढला. सकाळची पहिली भिंत, सिमेंटची तयार फळी, सातव्या मजल्यावर ठेवायची होती. सिग्नलवाली बाई आज त्याच मजल्यावर उभी होती. हूक त्याला दोन दिसत होते. त्यातला खालचा खरा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

"खाली घ्या, दादा. अजून. सावकाश. थांबा." मग लगेच, "दादा, थांबा म्हटलं ना."

फळी थांबली. तिच्या कडेपासून वीतभर अंतरावर एका वेल्डरची पाठ होती. तो माणूस वाकून काम करत होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याला कधी कळणारही नव्हतं.

घारोबाने फळी अगदी हळू जागेवर टेकवली. हूक मोकळा होऊ दिला. मग क्रेन बंद करून, सकाळच्या उन्हात, दोनशे चाळीस पायऱ्यांची शिडी उतरून तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "आठ दिवस काढा कसेबसे," ते म्हणाले. "बदली माणूस येईपर्यंत. ती बाई सांगतेच ना तुम्हाला."

"ती सांगते आणि मी ऐकतो, साहेब. पण तिने सांगणं आणि मी थांबणं ह्यांच्या मधे जे अंतर जातं, तिथे आज एका माणसाची पाठ होती."

साहेबांनी किल्ली उचलली नाही, पण परतही सरकवली नाही.

डोळ्यांच्या पडद्यांना सुरकुत्या पडल्या आहेत, उजव्याला जास्त, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करू, पण पहिल्यासारखं दिसेल असं सांगता येत नाही. उंचीवरचं काम संपलं.

त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पत्र्याची बुटकी खोली, एक खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. पहिले काही दिवस त्याला घुसमटल्यासारखं झालं. सारखा दाराशी जाई, परत येई. संध्याकाळचे साडेसहा वाजले, शुक्र उमटायची वेळ झाली, की पाय आपोआप शिडीकडे वळत.

काम होतं क्रेनचे दोर तपासायचं. बोटाएवढे जाड तारेचे दोर. त्यातली एक तार तुटली तरी बाद करायचे. नव्या ड्रायव्हरचा दोर एका संध्याकाळी परत आला. त्याच्या चिठ्ठीवर तपासणीत पास झाल्याचा शिक्का होता. त्याने तो मांडीवर घेतला आणि चिमटीतून सरकवू लागला. आठ-दहा हात गेल्यावर बोटाला काहीतरी टोचलं. तो थांबला, जागा पुन्हा चाचपली आणि तिथे लाल चिंधी बांधली.

"हा वर जाणार नाही," तो म्हणाला.

दारात सिग्नलवाली बाई उभी होती. खोलीत अंधारून आलं होतं.

"दिवा लावू का, दादा?"

"तुम्हाला हवा असेल तर लावा," तो म्हणाला आणि पुढचा दोर ओढून घेतला.