तोंडाची काळी लादी

मोजिरीच्या गडासमोर तांग बादशहाच्या फौजेने तटावर चढून यायला मातीचा डोंगर उभा करायला घेतला, त्याला पन्नास दिवस झाले होते. हजारो माणसं टोपल्यांनी माती वाहत होती, मधे ओंडके रचत होती, आणि तो ढीग रोज पूर्वेच्या तटाच्या हातभर जवळ आणि हातभर उंच येत होता. गडकऱ्यांनी तटावर लाकडी कूड चढवला, तर समोरचा ढीगही चढला. मधे एकदा तांग बादशहाचा निरोप्या दाराखाली येऊन मोठ्याने वाचून गेला, की शरण या, नाहीतर एकही पुरुष जिवंत सोडणार नाही. बायकांनी वरून त्याच्या डोक्यावर भांडी विसळलेलं पाणी ओतलं. असल्या उर्मट गावात म्हातारा तोल्मे चाळीस वर्षं ओटे बांधत आला होता.

उत्तरेकडच्या गोगुर्यो राज्याच्या थंडीत ओटा नसला तर माणूस जगत नाही. चुलीचा धूर दगडी लाद्यांखालून घरभर फिरवायचा आणि पलीकडच्या धुराड्यातून सोडायचा. लाद्या तापतात, त्यांवर माणसं बसतात, निजतात, बाळंत होतात, मरतात. मोजिरीत दोनशे घरं होती आणि दोनशेच्या दोनशे ओट्यांवर तोल्मेचा हात फिरला होता. तो त्याचा तोराही पुरेपूर मिरवायचा.

त्या दिवशी सकाळी पहिलं हिंव पडलं. तोल्मे राळ्याच्या पेजेची घागर घेऊन तटावर गेला. तिथे उभं राहणं त्याला जड जायचं, कारण महिन्यापूर्वी त्याच जागी गोफणयंत्राचा धोंडा लागून त्याचा मारू, एकुलता एक मुलगा, गेला होता. पण आज तो तिथे खिळून राहिला. सगळा ढीग हिंवाने पांढरा झाला होता, फक्त माथ्यावर एका जागी हिंव नव्हतं आणि तिथून वाफ निघत होती.

"धनी," तो किल्लेदाराला म्हणाला, "हा डोंगर नव्हे. हा वाईट बांधलेला ओटा आहे."

किल्लेदार पस्तिशीचा होता आणि तीन दिवस झोपला नव्हता. "म्हातारबा, कोडी घालू नका."

"ती वाफ बघा. आत ओंडके आहेत, ओंडक्यांत पोकळी आहे, आणि तो माथ्यातून श्वास सोडतोय. खालून आग दिली तर आपसूक वर ओढून घेईल, ओंडके जळतील आणि ढीग खाली बसेल. चूल आपली, धुराडं त्यांचं!"

किल्लेदाराला कितीतरी दिवसांनी हसू आलं. "आणि आग तिथवर न्यायची कशी?"

"तटाखालून पाणी जायचं गटार आहे ना, त्यातून. पुढे ढिगाच्या पोटात खणत जायचं आणि वरून लाद्या घालत जायच्या. साठ हात तरी लागतील."

"एवढ्या लाद्या आणू कुठून?"

तोल्मेने गावाकडे नुसती मान वळवली. किल्लेदाराचं हसू मावळलं. थंडी तोंडावर आली होती आणि हा माणूस सगळ्या गावाचे ओटे उखडा म्हणत होता.

उखडले. शिव्या देत, पण उखडले. साठीच्या हेबुन म्हातारीने आपला ओटा सगळ्यांच्या आधी मोकळा करून दिला. "ने मेल्या," ती तोल्मेला म्हणाली. "माझ्या लग्नाच्या वर्षी वाकडा बांधला होतास. तिकडे तरी सरळ बांध."

शिपाई घरोघर फिरले, फक्त एका दाराशी थबकून मागे वळले. त्या दारावर गवताची दोरी होती, तिच्यात कोळसे आणि देवदाराच्या डहाळ्या खोवल्या होत्या. घरात पोर जन्मली होती. एकवीस दिवस परक्या माणसाने ती दोरी ओलांडायची नसते. घर तोल्मेचं होतं, बाळंतीण त्याची सून योरी, आणि तीन दिवसांची ती पोर म्हणजे मारूचं मागे राहिलेलं सगळं. दोरी म्हणजे दोरी, असं तोल्मेने मनाशी म्हटलं. खरं तर त्याला हायसं वाटलं होतं, आणि त्याची लाजही वाटली होती.

सहा दिवसांत ढिगाच्या पोटापर्यंत लाद्यांची नळी झाली. गटाराच्या तोंडाशी चूल पेटली, धूर आत शिरला आणि गड हरखला. दुपारी फाडकन आवाज झाला. चुलीवरची पहिली लादी, जिला जाळ थेट लागतो ती तोंडाची लादी, दुभंगून आत पडली आणि सगळा धूर उलटा गावात आला. दुसरी घातली, तीही तडकली. तिसरी तर घालता घालताच गेली. घरच्या स्वयंपाकाच्या आचेला पुरणारे ते पांढरे दगड या जाळापुढे टिकेनात.

खोकणारी गर्दी गोळा झाली. समोरचा ढीग आता तटाच्या कुडाला भिडला होता. उद्या तांग चालत आत आले असते.

"तोल्मे," हेबुन डोळे पुसत म्हणाली, "तुझी काळी कुठाय रे? मारूच्या लग्नाला चार दिवसांच्या वाटेवरून, नदीच्या वळणावरून आणलेली? कितीही जाळ घाला, तडकत नाही, असली लादी राजाकडेही नाही म्हणून गावभर सांगत होतास ती?"

तोल्मे खाली बघत म्हणाला, "दारावर दोरी आहे."

"आमच्या ढुंगणाखाली गारठा, आणि तुझ्या दारावर दोरी!"

"पुरे, आजी," किल्लेदार म्हणाला. मग तोल्मेकडे वळला. "ती दोरी मी ओलांडणार नाही आणि कुणाला ओलांडायला लावणार नाही. तुम्ही घरचे आहात. काय ते तुम्ही ठरवा."

हुकूम केला असता तर बरं झालं असतं, असं तोल्मेला वाटलं. निदान शिव्या द्यायला कुणी मिळालं असतं.

घरी योरी ओट्यावर बसून समुद्रशेवाळाचं पातळ सार पीत होती. पोर तिच्याशेजारी, बरोबर काळ्या लादीवर, लालबुंद होऊन झोपली होती.

"मामंजी, धूर उलटा का येतोय?"

"लाकडं ओली आहेत."

"तुमच्या हातची चूल, आणि लाकडं ओली?"

तोल्मेची नजर काळ्या लादीवर गेली. योरीने वाटी खाली ठेवली आणि हाताने लादी चाचपली.

"ही हवी ना?"

"नऊ दिवसांची आहे गं ती. बाहेर हिंव पडतंय. हा ओटा काढला तर..." त्याने पोरीवरची गोधडी सारखी केली. "मारूचं एवढंच राहिलंय माझ्याकडे."

"माझ्याकडे तरी दुसरं काय आहे?" योरी म्हणाली. "पण मारू तटावर मेला, मामंजी. ओट्यावर नाही. उद्या ते आत आले तर पोरीने काय उबेत मरायचं?"

तिने पोरीला उचलून अंगरख्याच्या आत, उघड्या छातीशी बांधलं. मग खुंटीवरचा विळा घेतला, दारात गेली, दोरी मधोमध कापली आणि दोन्ही तुकडे कमरेला गुंडाळले.

"पोरीसाठी बांधली होती, पोरीसाठीच कापली," ती रस्त्यावरच्या गर्दीला म्हणाली. "आता उभे काय? या आत! लादी काय चालत येणारे?"

गर्दीत हेबुन सगळ्यात पुढे घुसली. जाता जाता तिने तोल्मेच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली, आणि ती शाबासकी होती की शिक्षा हे त्याला कळलं नाही.

काळी लादी बसली. तोल्मेने तिच्या कडांना स्वतःच्या हाताने चिखल लिंपला आणि जाळ घातला. सगळा गड तिच्याकडे बघत होता. तो मात्र डोळे मिटून ऐकत होता. बराच वेळ नुसती लाकडं तडतडली. मग नळीतून घुर्र असा खोल, लांब आवाज आला. चाळीस वर्षांत त्याने ओढ धरलेल्या चुलीचा हा आवाज हजारदा ऐकला होता, पण डोळ्यांत पाणी आजच आलं.

"ओढतेय," तो म्हणाला. "घाला लाकडं. माझं घर मोडून घाला, मागे बघू नका!"

घटकाभरात तांगांच्या ढिगाच्या माथ्यावरून धूर निघू लागला. त्यांनी वरून पाणी ओतलं, माती टाकली. एक भोक बुजवावं तर धूर दुसरीकडून निघे, आणि त्या धुरात त्यांना तटावर चालून येता येईना. तीन दिवस गड त्या एका चुलीला लाकूड पुरवत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी ढिगाचं पोट खचलं, मग तो सगळाच्या सगळा पुढे घसरला आणि तटाचे वीस हात घेऊन कोसळला. धुरळा खाली बसला तेव्हा गडाला भगदाड पडलेलं होतं. दोन्हीकडची माणसं आ वासून बघत राहिली.

"बघताय काय?" किल्लेदार ओरडला. "त्यांनी जिना बांधून दिलाय! चढा!"

शंभर जण त्या भगदाडातून बाहेर पडले, मातीवर चढले आणि ढीग गडाचा झाला. तांगांनी तो परत घ्यायला संध्याकाळपर्यंत तीनदा हल्ला केला आणि तीनदा मार खाऊन ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंव इतकं पडलं की घागरींत पाणी गोठलं. योरी उखडलेल्या घरात पोरीला छातीशी धरून बसली होती. पोरीचे ओठ निळे पडले होते आणि ती रडत नव्हती. तोल्मेने तिच्या गालाला बोट लावलं आणि तसाच घराबाहेर पडला. कुठे चाललोय ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. पाय त्याला कोसळलेल्या तटाकडे घेऊन गेले. तिथल्या उतारावर धूर थांबला होता. आणि त्या उतारावर हिंव नव्हतं.

नव्या ओट्यावर टेकवायचा तसा त्याने मातीवर तळहात टेकवला. मग दुसरा टेकवला. मग उठून म्हातारा पोरासारखा पळत सुटला.

योरीने मातीवर गोधडी अंथरली आणि पोरीला मधोमध ठेवलं. तोल्मे गुडघ्यांवर बसून राहिला. आधी तिची बोटं हलली, मग ओठांवर रंग आला आणि मग तिने असा टाहो फोडला की पहाऱ्यावरचे शिपाई दचकून वळले. तोल्मे ढसाढसा रडला आणि त्याने ते कुणापासून लपवलं नाही. एकेक करून सगळं गाव वर आलं. म्हातारे आले, आजारी आले, हेबुन आली आणि बूड टेकवून दोन्हीकडे डुलून बघू लागली.

"वाकडाच आहे," ती म्हणाली. "पण तांगांचा हात बरा. तुझ्यापेक्षा ऊब जास्त आहे."

खाली मैदानात बादशहाची फौज थंडीने पाय आपटत उभी होती. पन्नास दिवस टोपल्या वाहिलेली ती माणसं आपल्याच डोंगराकडे बघत होती, आणि तिथे मोजिरीची माणसं पाय पसरून शेकत बसली होती.

योरीने कमरेला गुंडाळलेली कापलेली दोरी सोडली आणि तिला गाठ मारली. दोन भाले मागून घेतले, ते ढिगाच्या पुढच्या काठावर फौजेच्या समोर रोवले आणि त्यांच्यामध्ये दोरी बांधली, कोळशांसकट. पोरीला त्या दिवशी तेरा दिवस झाले होते. अजून आठ दिवस परक्या माणसाने ती ओलांडायची नव्हती.

कुणी ओलांडली नाही.