अंड्यांची वरची बाजू

दुपारी साडेतीनला अर्चनाने आठवड्याभराने थर्माकोलच्या पेटीचं झाकण उचललं, तेव्हा दोन्ही अंड्यांवरच्या पेन्सिलच्या खुणा दिसेनाशा झाल्या होत्या.

तिने आधी तापमान पाहिलं. ते बरोबर होतं. आतल्या प्लास्टिकच्या डब्यात ओल धरून ठेवणारे परलाइटचे पांढरे दाणे हवे तेवढे ओलसर होते. तिने चमच्याच्या दांड्याने एका अंड्याखालचे दाणे हलकेच बाजूला सारले. खूण खाली गेली होती. दुसऱ्या अंड्याचीही तशीच. एखादं अंडं आपोआप घरंगळू शकतं. दोन्ही एकदम बरोबर उलटी होत नाहीत.

अंडी लेपर्ड गेकोची होती. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली ती पाळीव पाल अर्चनाने कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून घेतली होती. तो गाव सोडून निघाला होता आणि पालीला कोणी विचारत नव्हतं. अर्चनाने तिचं नाव ठिपकी ठेवलं. अंडी घातल्यावर ठिपकीने खाणं सोडलं आणि आठवड्याच्या आत ती गेली. मागे राहिली ती ही दोन. तिसरं मिळणार नव्हतं.

पालीने अंडं घातल्यावर ते हलवायचं नसतं, एवढं अर्चना वाचून होती. आतला जीव एक बाजू धरून वाढतो; मग अंडं उलटलं तर तो जगेलच असं नाही. म्हणून वरची बाजू कळावी यासाठी तिने खुणा केल्या होत्या. मासळीवाल्याकडची बर्फाची पेटी तिने चिंचणीहून आणून तीनदा धुतली, तिच्यात विजेवर गरम होणारी चटई बसवली. पेटीला अजून सुरमईचा वास येई. "पिल्लं बाहेर येऊन पहिली कालवण मागतील," असं तिचा नवरा रूपेश म्हणायचा.

तिने पेटी बंद केली आणि ती पडवीत आली. सासूबाई, सुगंधा, भिजवलेल्या वालांची सालं काढत बसल्या होत्या.

"आई, दुपारी लाईट गेली होती का?"

"नाय गो. गेली असती तर गरम पान्याची बाटली ठेवली असती ना, तू सांगितलंस तशी."

"मग पेटी कोणी उघडली?"

"मीच. रोज उघडते." सुगंधाबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "परतायला. तू जातेस कामाला, तुला कुठं आठवन राहते? खुना केल्यास आनि परतायचं इसरलीस."

अर्चनाने मागे पेटीच्या खोलीकडे पाहिलं.

"आमी पन कोळशाने खूण करतो," सुगंधाबाई पुढे म्हणाल्या. "कोंबडी नीट परतत नसली तर कुठलं परतलं, कुठलं नाय, ते कसं कळनार? एका बाजूला पडून राहिलं तर पिल्लू कवचाला चिकटतं. मरतं."

अर्चना उंबऱ्यावर बसली. कारखान्याच्या तपासणी विभागात काही चुकलं की काय घडलं ते आधी लिहायचं, कोणी केलं ते नंतर, असा नियम होता. इथे दोन्ही एका वाक्यात आलं होतं.

ठिपकी घरात आली तेव्हा सुगंधाबाईंनी त्या खोलीत पाऊल ठेवायचं सोडलं होतं. पाल ती पाल. दुधात पडली तर घर साफ करील. मग एके दिवशी त्यांनी तिला डोळे मिटताना पाहिलं. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात. "डोळे झाकते ही. पाल नाय ती," त्यांनी निकाल दिला आणि त्याच संध्याकाळी तिच्यासाठी नाकतोडे धरून आणले. ती गेली तेव्हा चिकूच्या झाडाखाली खड्डा त्यांनीच खणला.

"आजचं परतून झालं?" अर्चनाने विचारलं.

"सकाळीच. काय झालं गो?"

"काही नाही. आत जीव धरलाय का, बघायचं होतं."

"पान्यात सोडून बघू? जितं असेल तर डुलतं."

"नको, नको! उजेडावर बघू."

न्हाणीघराला खिडकी नव्हती. दोघी आत शिरल्या, दार लावलं. अर्चनाने डबा बादलीवर ठेवला आणि अंडं न उचलता मोबाईलचा उजेड बाजूने टेकवला. अंडं आतून गुलाबी झालं. खालच्या अंगाला केसासारख्या बारीक लाल रेघा होत्या.

"शिरा," सुगंधाबाई कुजबुजल्या. "हाय गो, हाय!"

दुसरं नुसतंच पिवळं दिसलं. उजेड इकडून लावला, तिकडून लावला. पिवळंच.

"हे कच्चं असेल," सुगंधाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. "तू हरखली नाहीस."

अर्चनाने उजेड बंद केला. अंधारात बोलणं सोपं होतं.

"आई, कोंबडी शेवटी शेवटी परतायचं थांबवते ना?"

"थांबवते. पिल्लू चोच मारायला लागतं, तेव्हा हात लावायचा नसतो."

"मग आता आपणही थांबू."

बादलीची कडी एकदा वाजली.

"शेवट आला काय?"

"मला माहीत नाही."

"म्हंजे खूण वरच्या बाजूची होती. आनि आता वरची बाजू कुठली?"

"तेही माहीत नाही, आई. जिवाने कुठली बाजू धरली, कोण जाणे. आहेत तशी ठेवू."

सुगंधाबाई पडवीत परतल्या नाहीत. वाल तसेच परातीत राहिले.

संध्याकाळी दिवे गेले. सुगंधाबाईंनी चुलीवर पाणी कोमट केलं, बाटली भरली, फडक्यात गुंडाळली आणि पेटीपाशी न जाता अर्चनापुढे धरली.

"तूच ठेव."

अर्चना कणीक मळत होती. हात स्वच्छ धुऊन बाटली घेता आली असती. तिने परातीतून हात काढले नाहीत.

"माझे हात भरलेत. तुम्हीच ठेवा."

सुगंधाबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आतल्या खोलीतून झाकण उचलल्याचा आवाज आला, आणि लगेच ते परत बसवल्याचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पहिल्या पाळीची बस यायच्या आधी, दोघींनी पुन्हा उजेड लावून पाहिलं. एका अंड्यात लाल रेघा होत्या. कालच्यापेक्षा वाढल्या की नाहीत, यावर दोघींचं एकमत झालं नाही. दुसरं पिवळंच होतं, पण ते चेपलं नव्हतं आणि त्याला वास येत नव्हता. दोन्ही पेटीत आहेत.