वास नाही, भाऊजी

त्या गॅरेजात शेवटचा शब्द नाकाचा असे, आणि ते नाक बायकोचं होतं. नवरा गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. हात सोन्याचा, पण एका तापात त्याची वासाची जाणीव गेली ती गेलीच. सडका बटाटा नाकाशी धरला तरी गडी ढिम्म. म्हणून काम झालं की गाडीच्या काचा बंद, एसी सुरू, आणि बायको पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायची. तिनं मान हलवली तरच गाडी बाहेर. "आमच्या हिनं पास केलीय," असं तो गिऱ्हाइकाला इतक्या तोऱ्यात सांगायचा की ऐकणाऱ्याला हसू यावं.

त्या सकाळी पांढरी गाडी आत आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी थोरल्या दिरांची होती.

सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांची कूस बदलण्यापासून अंग पुसण्यापर्यंत सगळं हिनंच केलं होतं. घरी न्यायच्या दिवशी नवरा खोली आवरायला पुढे गेला आणि दीर ही गाडी घेऊन आले. सासूबाईंना मागे निजवून ही शेजारी बसली, तर दिरांनी नाकाला रुमाल लावला. "अगं, तुझ्या कपड्यांना औषधांचा वास मारतोय. एसीत बसला की जात नाही. तू उतर, बसनं ये." ती उतरली. वाटभर सासूबाई "धाकटी कुठंय?" विचारत होत्या म्हणे. ती घरी पोहोचली तेव्हा विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून तिनं डूख धरला होता, आणि का धरू नये?

"एसी लावला की कुबट वास येतो रे," दीर धाकट्या भावाला सांगत होते. "उद्या मोठ्या साहेबांना आणायला जायचंय. बढतीचं त्यांच्याच हातात आहे. वास राहिला तर माझं काही खरं नाही."

नवऱ्यानं मन लावून काम केलं. बुरशी धरलेली जाळी बदलली, आतल्या कॉइलवर फेस मारून ती धुतली, पाणी बाहेर सोडणारी तुंबलेली नळी मोकळी केली. मग त्यानं तिला हाक मारली.

ती बसली, काचा लावल्या. थंड हवा आली आणि तिच्यामागून तो वास आला, ओल्या गोणपाटासारखा. नळी तुंबलेली असताना पाणी गालिच्याखाली झिरपलं होतं, खालचा नमद्याचा जाड थर अजून भिजलेलाच होता. वरून हात फिरवला तर कोरडं, पण एसी तासभर चालला की माणसाला बसवणार नाही. तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती साळसूदपणे खाली उतरली.

"वास नाही, भाऊजी. खुशाल न्या."

"झालं तर मग!" नवरा हसला. "दादा, हिनं सांगितलं म्हणजे डोळे मिटून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दीर गाडी घेऊन तरातरा परत आले. चेहरा लालबुंद. "साहेब अर्ध्या रस्त्यात उतरले! नाकाला रुमाल लावून टॅक्सीत बसले, माझ्याशी एक शब्द न बोलता! कसली गाडी पास केलीत तुम्ही?"

नवरा गांगरला. "दादा, असं कधी होत नाही... अगं, काल वास नव्हता ना?"

ती 'नव्हता' म्हणाली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण जो सूड शत्रूला कळतच नाही, तो घ्यायचा कशाला?

"होता," ती म्हणाली. "पहिल्या श्वासालाच आला होता. गाडीतून उतरून जाणं कसं लागतं, ते कळलं ना भाऊजी?"

दिरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं ते डोळे भरून पाहून घेतलं. छाती हलकी झाली. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

नवऱ्यानं सीट सोडवली, गालिचा उचलला, नमदा मुठीत दाबला. बोटांमधून पाणी गळलं. दिवसभर एकट्यानं सगळं उन्हात वाळवलं, परत बसवलं आणि मान खाली घालून गाडी भावाच्या ताब्यात दिली.

संध्याकाळी एका डॉक्टरीणबाईंची गाडी तयार झाली. ती सवयीनं हात पुसत पुढे आली. पण नवरा तिच्याआधी आत शिरला. त्यानं दार ओढून घेतलं, काचा वर केल्या, एसी सुरू केला, आणि डोळे मिटून, छाती भरभरून श्वास घेऊ लागला.

ती बाहेर उभी होती. काचेतून त्याच्या फुललेल्या नाकपुड्या दिसत होत्या, आणि त्याला काहीच कळत नव्हतं हे तिला माहीत होतं. तिनं काचेवर टकटक केलं. त्यानं डोळे उघडले नाहीत.