मध्ये कुठेही न थांबवता

अख्ख्या गल्लीत तिला बारीकबाई म्हणत. अंगाने ती चांगली भरलेली होती, त्यामुळे नवा माणूस हे नाव ऐकून गालातल्या गालात हसायचा. पण एकदा तिच्या दुकानात पाऊल टाकलं, की त्याला उलगडा व्हायचा. मायक्रोस्कोप, प्रयोगशाळेतले तराजू, जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणी, अशी केसाएवढ्या फरकाने बिघडणारी यंत्रं ती दुरुस्त करायची आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. काम वडिलांकडून शिकली, दुकानही त्यांचंच.

तिचा नवरा बेकरीत भट्टी सांभाळायचा. बायकोचं त्याला भारी कौतुक, पण ते सगळं ऐकीव. तो भट्टीवरून येऊन आडवा व्हायचा तेव्हा ती दुकानात असायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी तिला काम करताना त्याने निवांत बसून कधी पाहिलंच नव्हतं.

अलीकडे दुकानात शुकशुकाट असायचा. नवी यंत्रं बिघडली की लोक आतला अख्खा भाग बदलत, नाहीतर यंत्रच भंगारात घालत. अशात तिला समजलं, की परदेशात या कामाच्या कारागिरांची चणचण आहे आणि त्यांना कुटुंबासकट तिकडे स्थायिक होता येतं. अटी मात्र नाकी नऊ आणणाऱ्या. वय मर्यादेत हवं, कामाच्या अनुभवाचा पुरावा हवा, तिकडच्या भाषेची परीक्षा हवी आणि कारागिरी तपासणाऱ्या संस्थेची पसंतीही हवी.

"अर्जात माझ्यापुढे काय लिहिलंयस?" नवऱ्याने विचारलं.

"अवलंबून."

"बघ आई, मी हिच्यावर अवलंबून आहे, असं आता सरकारदरबारी लागणार!"

"त्यांना उशिराच कळलं म्हणायचं," सासूबाई आतून म्हणाल्या.

वडिलांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला नेमणुकीचं पत्र कोण देणार? शेवटी रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांनी आणि कॉलेजातल्या बाईंनी, 'आमची यंत्रं वर्षानुवर्षं हीच सांभाळते,' असं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. भाषेच्या परीक्षेत ती पहिल्यांदा निबंधात आपटली. मग पुन्हा पुस्तकं काढून बसली आणि दुसऱ्या खेपेला सुटली.

राहिली ती कारागिरीची तपासणी. संस्थेने कळवलं, की एका यंत्राच्या दुरुस्तीचा व्हिडिओ पाठवा. बिघाड दाखवण्यापासून शेवटच्या चाचणीपर्यंत, मध्ये कुठेही न थांबवता. तो पाहून तपासनीस समोरासमोर बोलतील.

मोबाइल धरायला नवराच होता. डॉक्टरांचा एक जुना मायक्रोस्कोप आला होता. चित्र स्पष्ट करायची त्याची बारीक फिरकी इतकी जड झाली होती, की फिरवताना चित्र धक्के खात सरकायचं. तिने आधी तो दोष भिंगाखाली दाखवला, मग एकेक स्क्रू सोडवून ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडत गेली. आतलं वंगण मेणासारखं घट्ट झालं होतं. ते ती काडीला कापूस गुंडाळून, एखाद्या तान्ह्याचे कान पुसावेत तसं पुसू लागली. नवरा बघतच राहिला. घरात भांडी आदळणारी हीच का ती बाई?

सरकपट्टी उचलताना घात झाला. ती पट्टी ज्यांवरून सरकते त्या मोहरीहून लहान पोलादी गोळ्यांपैकी एक टुणकन उडाली आणि जमिनीवर पडल्याचा नुसता आवाज आला.

त्याचं बोट बटणाकडे गेलं. "बंद करतो. पुन्हा पहिल्यापासून काढू."

"थांबवू नका."

"अगं, पण ते बघतील ना!"

"बघू देत. चालू राहू द्या."

चिमटा खाली ठेवून तिने आधी बाकीच्या गोळ्या एका डबीत बंद केल्या. मग पदर खोचून गुडघ्यांवर बसली. घाई नाही, चिडचिड नाही. विजेरी जमिनीलगत आडवी धरून ती लादीमागून लादी पाहत गेली, तेव्हा टेबलाच्या पायाशी एक ठिपका चमकला. गोळी उचलून, धुऊन तिने भिंगाखाली धरली आणि मोबाइलकडे वळून म्हणाली, "हिला डाग पडलाय. आता बाकीच्याही तपासते."

आणखी तीन डागाळलेल्या निघाल्या. तेवढ्याच नव्या घातल्या तर मापात फरक येईल, म्हणून तिने सगळा संचच बदलला. नवऱ्याचा हात अवघडून लाकूड झाला होता, पण त्याने मोबाइल हलू दिला नाही. अखेर तिने रेघा कोरलेली काच भिंगाखाली ठेवली आणि फिरकी फिरवली. रेघ अलगद स्पष्ट झाली, तसूभरही बाजूला सरकली नाही. तिने श्वास सोडला, तेव्हा कुठे त्यानेही सोडला.

मुलाखतीला पडद्यावर केस पिकलेल्या एक बाई आल्या. त्या स्वतः जन्मभर तराजू बनवत आलेल्या. त्यांनी फिरकीबद्दल, वंगणाबद्दल खोदून खोदून विचारलं. तिनेही तुटक का होईना, चोख उत्तरं दिली. मग त्या म्हणाल्या, "गोळी पडली तेव्हा नव्याने सुरुवात का नाही केली?"

"न थांबवता हवं, असं तुम्हीच लिहिलं होतं. आणि गोळ्या पडतातच. शोधायच्या कशा, हेही कामच आहे."

बाई हसल्या. "मी तर त्या शोधताना शिव्या घालते."

"मी मनात घातल्या," बारीकबाई म्हणाली.

पसंती आली. व्हिसा यायला मात्र बराच काळ गेला, तेवढ्या काळात इथेच राहायचं ठरवलेल्या सासूबाई थोरल्या लेकीच्या घरी रुळल्याही. दोघं निघाली तेव्हा त्यांनी सुनेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि लेकाला बजावलं, "अरे, हिला तिकडे भांडी घासायला लावू नकोस. हात जप तिचे."

परक्या गावात पहिले दिवस जडच गेले. पण कारखान्यात तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि नवऱ्याला एका बेकरीत काम लागलं. एका दुपारी तो तिचा डबा घेऊन गेला. काचेपलीकडे ती मापयंत्रावर वाकली होती आणि तिघी-चौघी हातातलं काम टाकून तिच्या बोटांकडे पाहत होत्या. दारावरच्या माणसाने विचारलं, "कोण हवंय?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "तिचं होऊ दे. मी थांबतो."

आणि डबा मांडीवर घेऊन तो बाकावर बसला, समोरची काच नीट दिसेल असा.