इंद्रजितआबांची गूळतुला

इंद्रजितआबांच्या गूळतुलेला अठरा दिवस उरले होते, आणि नेमकं तेव्हाच बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं.

आबा शेळगावच्या दूध संस्थेचे पंधरा वर्षांपासूनचे चेअरमन. त्यांची पन्नाशी भरणार म्हणून गावातल्या पोरांनी घाट घातला होता. देवळापुढं मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात आबा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि नंतर तो गूळ शाळेला वाटायचा. शेजारच्या वडगाव निंबाळकरच्या बापूसाहेबांची तुला मागच्या साली एकशे चार किलोवर गेली होती. आबा एकशे चौदा. संस्थेचा सेक्रेटरी दीपक रोज बजावायचा, ‘‘आबा, एवढं दिस सांभाळा, उतरू नका,’’ आणि येताना पेढे घेऊन यायचा. एका माणसाचं वजन टिकावं म्हणून अख्खं गाव झटतंय, असं कुठं बघितलंय?

खरं तर आबा दवाखान्यात वजनासाठी गेलेच नव्हते. गेले होते नावांसाठी. त्यांची सगळी पत नावांवर उभी होती. संस्थेचे सातशे सभासद. आबा त्यातल्या प्रत्येकाला नावानं, बापाच्या नावानं आणि गोठ्यातल्या गाईच्या रंगावरून ओळखायचे. पण दिवाळीपासून काहीतरी बिनसलं होतं. माणूस समोर यायचा, चेहरा ओळखीचा असायचा, आणि नाव जिभेच्या टोकाशी येऊन मागं फिरायचं. मग आबा, ‘‘या पाव्हणं, बरं हाय न्हवं?’’ म्हणून वेळ मारून न्यायचे. लोकांना वाटायचं, आबा आता मोठे झाले, कुणालाही पाव्हणं म्हणतात. मोठे कसले! आतून त्यांचं पाणी पाणी झालेलं असायचं.

कारण घरात तात्यांचा फोटो होता. आबांचे वडील. ते असेच भरदार, असेच रागीट, घोरण्यानं पत्रा हलवणारे. साठीला पोचायच्या आत ते घरातल्या घरात हरवले. शेवटी शेवटी सुनेला विचारायचे, ‘‘बाई, तुमचं गाव कुठलं?’’ ते वाक्य आठवलं की आबा फोटोकडं पाठ करून बसायचे.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. झोप किती, चहा किती, फोन किती. फोन दोन होते आणि पहाटे चारपासून वाजायचे. टँकर आला नाही, दूध नासलं, दर का पडला, तुम्ही चेअरमन कशाला झालात. तपासत होत्या तेवढ्या वेळात सात वेळा वाजले.

‘‘पोटावरची चरबी, वाढलेला रक्तदाब, घोरण्यानं तुटणारी झोप आणि डोक्याला चोवीस तास ताण,’’ बाई म्हणाल्या. ‘‘या सगळ्याचा मार मेंदूला बसतो. वडिलांसारखं झालंय असं मी म्हणत नाही. आणखी तपासण्या करू. यातलं बरंच सुधारू शकतं. पण आज सुरुवात करा.’’

‘‘अठरा दिसांनी करतू,’’ आबा म्हणाले. बाईंना काही कळलं नाही. कळणार कसं?

घरी आबांच्या बायकोनं, माधवीवहिनींनी, सदरा धुवायला घेतला तर खिशात दवाखान्याची चिठ्ठी निघाली.

‘‘ही कसली?’’

‘‘पित्ताची.’’

‘‘मला वाचता येतंय.’’ वहिनींनी चिठ्ठी घडी करून त्यांच्या पुढ्यात ठेवली. ‘‘ती गूळतुला राहू द्या. आजपास्नं चालायला लागा.’’

‘‘गाव काय म्हणंल? बापूसाहेब हसतील.’’

वहिनींनी तात्यांच्या फोटोकडं बोट केलं. ‘‘तात्यांचं मी सगळं केलं. तुमचं बी करीन. पण तुमी मला माझं गाव इचारू नका.’’ एवढं बोलून त्या आत गेल्या. आबांना ताटावर बसवेना. तरी दीपकनं आणलेला पेढा त्यांनी खाल्ला, आणि स्वतःचाच राग आला.

तुलेच्या दिवशी देवळापुढं मांडव भरला. आबांना नवा फेटा बांधला. दीपकनं माईकवर जाहीर केलं, ‘‘ढेप आणणाऱ्या परतेकाचं नाव आबा सोता पुकारणार!’’ टाळ्या पडल्या. आबांना मात्र धसका नव्हता. बाहेरून येणाऱ्या पाच पाहुण्यांची नावं त्यांनी सकाळीच तळहातावर निळ्या पेनानं लिहून ठेवली होती; गावातले मानकरी तर लहानपणापासूनचे. पारड्याची साखळी धरायच्या निमित्तानं हात उघडायचा, वाचायचं, पुकारायचं. पाचही पाहुणे नीट पार पडले. आबांचं पारडं हळूहळू वर जायला लागलं.

मग गावाचा मान आला. पहिली ढेप घेऊन एक काटकुळा माणूस पुढं आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. धनगरवाड्यातल्या बिरूचा मुलगा. संस्था निघाली तेव्हा पहिला दुधाचा कॅन आबांनी याच माणसाबरोबर एका सायकलवरून नेला होता. शाळेत दोघं एका बाकावर. आबांना सगळं आठवत होतं. सायकलची तुटकी घंटी आठवत होती. नाव आठवत नव्हतं.

त्यांनी हात उघडला. घामानं शाई फिसकटली होती, पण तसंही तिथं काही सापडणार नव्हतं. ह्याचं नाव कोण लिहून ठेवतं?

दीपकनं माईक आबांच्या पुढ्यात सरकवला.

‘‘या... या पाव्हणं,’’ ते म्हणाले.

मांडव खदखदून हसला. आबांनी काय चेष्टा केली जिवलग मित्राची! फक्त तो माणूस हसला नाही. त्यानं ढेप खाली ठेवली आणि पारड्याजवळ आला.

‘‘इंद्र्या, पाव्हणा कुणाला म्हंतूस?’’

आबा त्याच्याकडं वाकले. ‘‘नाव येईना रं,’’ ते हळूच म्हणाले, आणि माईक जवळच होता म्हणून सगळ्या मांडवानं ते ऐकलं. ‘‘तुझं बी येईना. मला लई भ्या वाटतंया.’’

हसणं विरलं. दीपकच्या हातातली ढेप तशीच राहिली. बायकांच्या बाजूला वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या.

‘‘म्हस्कू,’’ तो माणूस म्हणाला. ‘‘म्हस्कू हाय मी. उतर खाली.’’

‘‘आन् गूळतुला?’’

‘‘फुडल्या साली करू. वीस किलो गूळ कमी लागला पायजे, न्हायतर मी ढेप आणत न्हाय.’’

आबा उतरले. पारडं रिकामं झुलत राहिलं. शेळगावात अशी अर्धवट तुला आजवर झाली नव्हती, आणि वडगावला ती बातमी दुपारच्या आत पोचली. आबांनी दोन्ही फोन दीपकच्या हातात दिले आणि ते वहिनींच्या मागं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फटफटताच दारात काठी वाजली.

‘‘कोण आलंय?’’ बाहेरून विचारणा झाली. येणाऱ्यानंच असं विचारलं म्हणून वहिनींना हसू आलं.

‘‘म्हस्कू!’’ आबांनी आतून चटकन उत्तर दिलं आणि बाहेर आले. चेहरा खुललेला होता. वहिनींनी सुटकेचा निःश्वास सोडला.

पायरी उतरताना आबांचा तोल गेला म्हणून म्हस्कूनं त्यांचा हात धरला. तळहातावर निळ्या शाईत, ठळक अक्षरात त्याचंच नाव होतं. दोनदा गिरवलेलं.

म्हस्कूनं ते वाचलं. वहिनींना दिसू नये म्हणून आबांची मूठ त्यानं स्वतःच मिटवली.

‘‘चल, कालव्यापतूर जाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘उद्या मातुर हात धुऊन यायचं.’’