निळ्या कागदावरची बोटं

सासूबाईंच्या आईचा एकही फोटो घरात नव्हता. होता तो काचेच्या चौकटीत बसवलेला एक निळा कागद. झाडापानांचं वेड असलेल्या त्या बाईंनी औषध लावलेल्या कागदावर नेच्याचं पान ठेवून तो उन्हात धरला होता. ऊन लागलं तिथं कागद निळा झाला, पानाखाली पांढरा राहिला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी कोपरा दाबला होता, तिथं चार पांढरी बोटं उमटली होती. सासूबाईंपाशी आई म्हणून उरली ती एवढीच.

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या आणि इकडे सुनेच्या अंगात उत्साह संचारला. घरात पाऊल टाकताच त्यांना आधी आई दिसावी, म्हणून तिने ती तसबीर पॅसेजमधल्या अंधारातून काढून खिडकीसमोर भर उन्हात टांगली. त्या येईपर्यंत रंग पार विटला. बोटं तर दिसेनाशीच झाली. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. तिने तसबीर गुपचूप ब्लँकेटांच्या कपाटात कोंबली.

सासूबाई आल्या त्या थेट पॅसेजमध्ये गेल्या.

"आई कुठंय गं?"

"काच तडकली होती, दुरुस्तीला दिलीय," सुनेने वेळ मारून नेली.

मग रोज विचारणा होई आणि रोज ही नवी थाप मारी. बिचाऱ्या काचवाल्याचं अख्खं कुटुंब आळीपाळीने आजारी पाडून झालं, तेव्हा कुठे थापा संपल्या. तिने रडतच सगळं सांगितलं आणि तसबीर बाहेर काढली.

सून बघतच राहिली. रंग परत गडद निळा झाला होता, बोटं जागच्या जागी होती.

"अगं वेडाबाई, हा रंग उन्हात विटतो आणि अंधारात ठेवला की परत येतो. म्हणून तर मी तसबीर पॅसेजमध्ये लावली होती. आधी बोलली असतीस तर काचवाल्याची माणसं तरी वाचली असती!"

सुनेचा जीव भांड्यात पडला. "रागावला नाहीत?"

"रागावू कशाला? मला आधी आई दिसावी, हे माझ्या पोटच्या पोरांनाही सुचलं नाही. तुला सुचलं. फार बरं वाटलं गं."

पुढच्या रविवारी सासूबाईंनी आईच्या पद्धतीने कागदाला औषध लावलं, कुंडीतल्या नेच्याचं पान त्यावर ठेवलं आणि दोघी गच्चीवर गेल्या. कागद उन्हात ठेवला न ठेवला तोच वारा सुटला. सुनेने चटकन कोपरा दाबला आणि दचकली.

"अहो आई, माझी बोटं उमटतील! काढू का?"

"खबरदार काढलीस तर," सासूबाई म्हणाल्या. "आईच्या शेजारी जागा आहे."